सगळी गाणी भारी, तरी अल्बम भिकार: ड्युरान ड्युरानच्या ‘थँक यू’चं नेमकं काय चुकलं?

२००६ साली ‘क्यू’ नावाच्या ब्रिटिश म्युझिक मासिकाने आजवरच्या सगळ्यात वाईट ५० अल्बम्सची यादी काढली आणि त्यात पहिला नंबर दिला ड्युरान ड्युरानच्या ‘थँक यू’ला. अल्बम आला होता १९९५ ला, म्हणजे अकरा वर्षं उलटली तरी लोकांचा राग काही गेला नव्हता. बरं, हा बँड म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगमधली हौशी पोरं नाहीत, बर्मिंगहॅममधून १९७८ ला निघालेला आणि ऐंशीच्या दशकात एमटीव्हीवर ज्यांचे व्हिडिओ उठताबसता लागायचे असा बँड. आणि गंमत बघा, अल्बममधली जवळजवळ सगळी गाणी दुसऱ्यांची, आणि दुसरे म्हणजे कोण, तर बॉब डिलन, लू रीड, लेड झेपेलिन, द डोर्स, एल्व्हिस कॉस्टेलो. म्हणजे गाणी एक नंबर, वाजवणारे अनुभवी, पैशाला तोटा नाही, आणि निकाल काय तर नापास. हे कसं काय होतं ते जरा उलगडून बघू, कारण ह्यात फक्त एका बँडची फजिती नाहीये, ‘कव्हर’ नावाच्या प्रकाराकडे लोक कसं बघतात ते सगळंच त्यात येतं.

आधी कव्हर म्हणजे काय ते. एखाद्याने लिहून, चाल लावून रेकॉर्ड केलेलं गाणं दुसऱ्याने परत स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या वाद्यांवर रेकॉर्ड करायचं, म्हणजे कव्हर. रीमिक्स वेगळं, तिथे मूळ रेकॉर्डिंगच घेऊन त्यावर ठोकाठोकी करतात. कव्हरमध्ये मूळ रेकॉर्डिंगला हात लागत नाही, फक्त शब्द आणि चाल उचलायची.

आता आपल्याला यात राग येण्यासारखं काय आहे हेच आधी कळत नाही. आपल्याकडे लिहिणारा एक, चाल लावणारा दुसरा, गाणारा तिसरा, पडद्यावर ओठ हलवणारा चौथा, आणि कोणाला त्यात काही खटकत नाही. नाट्यसंगीतात तर मास्टर दीनानाथांची म्हणून ओळखली जाणारी पदं वसंतराव देशपांडे गायला बसले की लोक पुढे सरकून बसायचे, की आता हा माणूस ह्यातून काय काढतो बघू. पद तेच, गायकी वेगळी, आणि मजा त्या वेगळेपणातच. ‘दुसऱ्याचं का गातोस’ असं तिथे कोणी विचारलं असतं तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं.

रॉकमध्ये मात्र साधारण साठच्या दशकाच्या मध्यापासून एक अलिखित नियम होऊन बसला की बँड म्हणजे स्वतःची गाणी स्वतः लिहिणारी मंडळी. आधी तसं नव्हतं. बीटल्सचा १९६३ चा पहिला अल्बम घ्या, ‘प्लीज प्लीज मी’, त्यात १४ गाणी आहेत आणि त्यातली ६ दुसऱ्यांची. रोलिंग स्टोन्सनी सुरुवात केली तेव्हा तर जवळपास सगळा माल अमेरिकन ब्लूजवाल्यांचाच होता. पण मग डिलन आला, बीटल्सचं लिखाण जोरात सुरू झालं, आणि हळूहळू असं ठरलं की लिहितो तो खरा कलाकार आणि नुसता गातो तो करमणूक करणारा. त्यामुळे एखादा जमलेला बँड अख्खा अल्बम दुसऱ्यांच्या गाण्यांचा काढतो तेव्हा समीक्षकाच्या डोक्यात पहिला प्रश्न येतो तो हा, की का बाबा, तुझी गाणी संपली का? अल्बमचं प्लास्टिकसुद्धा फोडायच्या आधी हा प्रश्न आलेला असतो. कव्हर अल्बम मैदानात उतरतो तोच अर्धे मार्क कापून.

दुसरा गैरसमज पैशाचा. लोकांना वाटतं कव्हर म्हणजे सोपा पैसा, लिहायचे कष्ट नाहीत. खरं तर उलट आहे, आणि हे समजायला एका गाण्यात दोन मालमत्ता असतात हे लक्षात घ्यावं लागतं. एक म्हणजे गाणं, शब्द आणि चाल, ते लिहिणाऱ्याचं. दुसरं म्हणजे त्या गाण्याचं एक ठरावीक रेकॉर्डिंग, ज्याला धंद्यात मास्टर म्हणतात, ते बहुतेक वेळा कंपनीचं. कव्हर करणाऱ्याला मास्टरशी देणंघेणं नाही, पण गाण्याच्या मालकाला प्रत्येक प्रतीमागे ठरलेली रॉयल्टी द्यावीच लागते. अमेरिकेत तर १९०९ पासून कायदाच असा आहे की गाणं एकदा बाजारात आलं की कोणीही ते परत रेकॉर्ड करू शकतो, परवानगी मागायची गरज नाही, फक्त पैसे भरायचे आणि चालीचा मूळ स्वभाव बदलायचा नाही. १९९५ ला हा कायद्याने ठरलेला दर होता गाण्यामागे ६.६ सेंट, पाच मिनिटांच्या आतल्या गाण्याला. आता समजा दहा गाणी दुसऱ्यांची आहेत, म्हणजे एक सीडी विकली की ६६ सेंट सरळ लिहिणाऱ्यांच्या खिशात. स्वतःची गाणी असती तर तेच पैसे बँडच्या घरी आले असते. म्हणजे कव्हर अल्बम काढणारा बँड आपल्याच ताटातली पोळी उचलून शेजाऱ्याला देत असतो, वर शिव्या खातो त्या वेगळ्याच.

आपल्याकडे अशाच कायद्याच्या फटीतून केवढा धंदा झाला ते ज्यांनी ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर वापरलाय त्यांना माहितीच आहे. टी-सिरीजच्या गुलशन कुमारांनी जुन्या हिट गाण्यांची नव्या गायकांकडून गाऊन घेतलेली ‘व्हर्जन’ स्वस्तात विकली आणि घरोघरी पोचवली. पुढे सोनू निगमने रफीची गाणी गायलेल्या कॅसेट तर आमच्या घरी इतक्या वाजल्या की मला कित्येक गाण्यांचा मूळ आवाज नंतर कळला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपला कायदा बराच कडक झाला, आता मूळ रेकॉर्डिंग आलं ते वर्ष संपल्यावर पुढची पाच वर्षं थांबावं लागतं, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते, आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट लिहावं लागतं. असो, हा वेगळा विषय आहे, मी जरा घसरलो.

तर ड्युरान ड्युरान. ऐंशीच्या दशकात डोक्यावर घेतलेला बँड, मग मधली काही वर्षं उतरती कळा, आणि मग १९९३ ला ‘ऑर्डिनरी वर्ल्ड’ नावाचं गाणं आलं आणि हे लोक परत उठले. अमेरिकेत तिसऱ्या नंबरपर्यंत गेलं ते. मागोमाग ‘कम अनडन’ पण चाललं. म्हणजे मेलेल्या बँडची टिंगल करणारे सगळे गप्प झाले होते, लोक म्हणत होते अरे ही पोरं लिहितात की चांगलं. आणि अशा वेळी, जेव्हा जगाला यांची नवीन गाणी हवी होती, तेव्हा यांनी काय काढावं तर आपल्या आवडत्या कलाकारांना सलाम करणारा कव्हर अल्बम. नावच ‘थँक यू’. त्यात लेड झेपेलिनचं ‘थँक यू’ हे गाणं पण आहे, म्हणजे नावाचा दुहेरी उपयोग. मला विचाराल तर अल्बमचा पहिला खड्डा इथे आहे, गाण्यांत नाही, वेळेत. पाहुण्यांना जेवायला बोलवायचं, ते हात धुऊन पानावर बसले की आपण शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकाचं कौतुक सांगत बसायचं, असा प्रकार.

दुसरा खड्डा म्हणजे गाण्यांची निवड. दुसऱ्यांची दहा गाणी, आणि एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. स्लाय अँड द फॅमिली स्टोनचं फंक, टेम्प्टेशन्सचं सोल, डिलनचं ‘ले लेडी ले’, इगी पॉप, डोर्सचं ‘क्रिस्टल शिप’, कॉस्टेलोचं ‘वॉचिंग द डिटेक्टिव्ज’, आणि मध्येच दोन हिप-हॉप गाणी. एखाद्याच्या घरी गेलो आणि त्याने कपाट उघडून सगळा रेकॉर्ड कलेक्शन दाखवायला घेतला तर कसं वाटतं, तसं वाटतं. १९७३ ला डेव्हिड बोवीने ‘पिन अप्स’ नावाचा कव्हर अल्बम काढला होता, तेव्हाही समीक्षक फार खूश नव्हते, पण त्याचा एक धागा होता, साठच्या दशकातल्या लंडनच्या क्लबांमध्ये त्याने ऐकलेली गाणी. एक काळ, एक गाव, एक पोरगा. ब्रिटनमध्ये तो अल्बम एक नंबरला गेला. ‘थँक यू’मध्ये तसा धागाच सापडत नाही, आम्हाला हे सगळं आवडतं एवढंच. भरीला एकच गाणं दोनदा, ‘आय वॉना टेक यू हायर’ दुसऱ्या नंबरला आहे आणि तेच परत ‘अगेन’ लावून शेवटी बाराव्या नंबरला. आणि अकरावं गाणं स्वतःच्याच १९८२ च्या ‘द शोफर’ला जोडून केलेला एक बोलका तुकडा. म्हणजे शेवटी स्वतःचे पण आभार मानून घेतले.

आणि मग येतं सहावं गाणं, ज्याच्यावर सगळ्यात जास्त दगड पडले. ‘९११ इज अ जोक’.

हे मूळ गाणं पब्लिक एनिमी या काळ्या अमेरिकन रॅप ग्रुपचं, १९९० चं. ९११ म्हणजे अमेरिकेचा इमर्जन्सी नंबर, आपल्या ११२ सारखा. गाण्यात राग काय आहे, तर काळ्या लोकांच्या वस्तीतून फोन केला की ॲम्ब्युलन्स येतच नाही, आली तर माणूस गेल्यावर येते. मूळ रेकॉर्डिंग ऐकलं तर असं वाटतं की कोणीतरी दहा रेडिओ एकदम लावलेत, मागे आवाजावर आवाज चढवलेत, आणि त्यात फ्लेव्हर फ्लेव्ह नावाचा माणूस हसत हसत, टवाळी करत गातो. ते हसूच बोचतं. ज्याच्या गल्लीत गाडी आली नाही तोच असं हसू शकतो.

ड्युरान ड्युरानने त्याचं काय केलं? अकूस्टिक गिटार, खाली एक ड्रम लूप, आणि वर बँडचा गायक सायमन ल बॉन अर्धं गात अर्धं बोलत. मी परवा रात्री हेडफोन लावून दोन्ही एकापाठोपाठ ऐकली, दोनदा. खरं सांगू? निव्वळ संगीत म्हणून ऐकलं तर ड्युरान ड्युरानचं इतकं काही वाईट नाही, कल्पना वेगळी आहे, १९९५ च्या हवेला धरूनही आहे. पण डोळ्यासमोर त्यांच्याच ‘रिओ’ गाण्याचा व्हिडिओ येतो, अँटिग्वाच्या निळ्या समुद्रात यॉटवर रेशमी सूट घालून उभे असलेले हेच लोक, आणि ते आता आपल्याला सांगतायत की आमच्या वस्तीत ॲम्ब्युलन्स येत नाही. पुढचं काही ऐकूच येत नाही. शब्द तेच, चाल जवळपास तीच, पण बोलणारा बदलला आणि तक्रार होती तिची नक्कल झाली.

कव्हरचा सगळा खेळ ह्याच्यातच आहे असं मला वाटतं. गाणं उचलताना शब्द आणि चाल घेता येते, कायदा तेवढंच देतो, पण ते गाणं म्हणायचा हक्क त्यात मिळत नाही. तो तुम्हाला कुठून तरी आणावा लागतो. अरिथा फ्रँकलिनने १९६७ ला ओटिस रेडिंगचं ‘रिस्पेक्ट’ घेतलं, तेव्हा ओटिसच्या तोंडी ते घरी दमून आलेल्या नवऱ्याचं गाणं होतं, तिने गायल्यावर ते बाईचं झालं, आणि आज ती एकेक अक्षर सुटं करून म्हणते तो भाग सगळ्यांना पाठ आहे, जो ओटिसच्या गाण्यात नव्हताच. जॉनी कॅशने २००२ ला नाइन इंच नेल्सचं ‘हर्ट’ गायलं, तेव्हा तो सत्तरीचा, आजारी, आवाज फाटलेला. तरुण माणसाने लिहिलेलं दुखणं त्याच्या तोंडून अख्ख्या आयुष्याचा हिशोब वाटायला लागलं. दोघांनीही गाण्यात काहीतरी आणलं जे मूळ माणसाकडे नव्हतं. यॉटवरच्या लोकांकडे ‘९११’साठी आणण्यासारखं काय होतं?

पण थांबा, ‘व्हाइट लाइन्स’चं काय? हेही हिप-हॉप, १९८३ चं, मेली मेल या रॅपरचं, कोकेनच्या विरोधात. आणि इथे मात्र बँडने हुशारी केली, मेली मेल, ग्रँडमास्टर फ्लॅश आणि फ्युरियस फाइव्हलाच बोलावून गाण्यात घेतलं. समीक्षकांनी याचीही खिल्ली उडवली, पण मला हे गाणं त्यांच्या तोंडी शोभतं असं वाटतं, कारण कोकेन काय करतं हे या लोकांना व्हिडिओ बघून शिकावं लागलं नव्हतं. बेस वाजवणाऱ्या जॉन टेलरने स्वतःच्या व्यसनाबद्दल आणि त्यातून बाहेर पडण्याबद्दल पुढे स्वतःच सगळं सांगितलंय. फक्त गाण्यात ते कुठे जाणवत नाही, गाणं नुसतं नाचत राहतं, हीच खरी हळहळ आहे. हक्क होता, पण वापरला नाही.

आणि मग तिसरं गाणं, ज्याच्यामुळे सगळाच निकाल गडबडतो. ‘परफेक्ट डे’. लू रीडचं, १९७२ चं. वरवर बघितलं तर अगदी साधं, बागेत जाऊन बसलो, मग झूमध्ये प्राण्यांना खायला घातलं, सिनेमा बघितला, घरी आलो, किती छान दिवस. पण लू रीड ते अशा आवाजात म्हणतो की वाटतं ह्या माणसाच्या बाकीच्या दिवसांत काहीतरी भयंकर आहे, आणि शेवटी तो पेराल ते उगवेल अशा अर्थाचं काहीतरी परत परत म्हणत राहतो आणि आपल्याला थंडी वाजते. ड्युरान ड्युरानने ह्यात फार मोडतोड केली नाही, तालवाद्यांवर तर ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बँड सोडून गेलेला त्यांचा जुना ड्रमर रॉजर टेलर परत आला, आणि सायमनने पहिल्यांदाच आपला तो मोठा, ओढून ताणून लावलेला आवाज खाली ठेवला. गोड झालंय गाणं, थोडं जास्तच गोड, पण आत काहीतरी दुखतंय. आणि खुद्द लू रीड, जो पत्रकारांना उभं करत नसे आणि कौतुक तर मुळीच करत नसे, त्याने आपल्या गाण्याच्या सगळ्यात चांगल्या कव्हर्समध्ये ह्याला बसवलं. म्हणजे ज्याचं गाणं तो खूश, आणि बाहेरचे लोक भडकलेले.

त्यामुळे त्या ‘सगळ्यात वाईट’ या पदवीकडेही जरा नीट बघायला हवं. दरवर्षी जगात हजारो बेकार अल्बम येतात ज्यांना ना सूर ना ताल, पण ते अशा यादीत कधीच नसतात कारण ते कोणाला माहितीच नसतात. वाचकाने ‘अरे हो!’ म्हणावं म्हणून अशा यादीत मोठी नावंच लागतात. आणि ड्युरान ड्युरानवर ब्रिटिश समीक्षकांचा राग जुना होता, दिसायला देखणे, पोरी मागे लागलेल्या, मेकअप, महागडे व्हिडिओ, त्यामुळे ह्यांना गंभीरपणे घ्यायचंच नाही असं आधीच ठरलेलं. १९९५ ला तर ब्लर आणि ओएसिस या ब्रिटिश बँडचा जमाना, वरून अमेरिकेतून आलेलं फाटक्या जीन्सचं ग्रंज, सगळीकडे ‘खरेपणा’चं वारं. अशात ऐंशीतले हे गुळगुळीत लोक डिलन आणि डोर्सच्या पंगतीत जाऊन बसले तर पानावरून उठवणारच की. विक्री मात्र अगदीच पडली नव्हती, ब्रिटनमध्ये बारावा आणि अमेरिकेत एकोणिसावा नंबर.

दोन वर्षं आधी, १९९३ ला गन्स एन रोझेसनेही कव्हर अल्बम काढला होता, ‘द स्पॅगेटी इन्सिडेंट?’, बहुतेक पंक गाणी. अमेरिकेत चौथा नंबर. त्याच्यावर टीका झाली ती वेगळ्याच कारणाने, अल्बमच्या शेवटी, वेष्टनावर नाव न छापता, चार्ल्स मॅन्सनने लिहिलेलं एक गाणं लपवून ठेवलं होतं, मॅन्सन म्हणजे ज्याच्या टोळीने १९६९ ला लॉस एंजेलिसमध्ये खून पाडले तो. लोक खवळले की खुन्याला रॉयल्टी देताय का, शेवटी बाहेर आलं की जुन्या कोर्टाच्या निकालामुळे ते पैसे मारल्या गेलेल्या एकाच्या मुलाकडे जातात. पण गाण्यांचं म्हणाल तर तिथे कोणी ‘तुम्ही कोण हे गाणारे’ असं विचारलं नाही, कारण ही गाणी गॅरेजमध्ये वाजवून वाजवूनच ते मोठे झालेत हे ऐकताना कळतं.

ड्युरान ड्युरानचं पुढे काय झालं? १९९७ च्या सुरुवातीला जॉन टेलर बँड सोडून गेला, काही वर्षांनी जुने पाचही जण परत एकत्र आले, २०२२ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये गेले. ‘क्यू’ मासिक मात्र २०२० ला बंद पडलं. आणि २०२३ ला ह्या पठ्ठ्यांनी परत ‘डान्स मकाब्र’ नावाचा अल्बम काढला ज्यात बिली आयलिशपासून रोलिंग स्टोन्सपर्यंत दुसऱ्यांची गाणी आहेत, फक्त ह्यावेळी धागा पक्का, सगळं हॅलोविनचं, भुताखेतांचं. ह्यावेळी कोणी दगड घेऊन धावलं नाही. खोड गेली नाही, पण शिकले एवढं खरं.

‘थँक यू’ ऐकायचाच असेल तर माझं ऐका, तिसऱ्या गाण्यापासून सुरुवात करा, मग पहिलं, म्हणजे ‘व्हाइट लाइन्स’, मग आठवं, म्हणजे ‘क्रिस्टल शिप’. सहावं ऐकायच्या आधी पब्लिक एनिमीचं मूळ एकदा जोरात लावा. आणि बारावं लावू नका, ते म्हणजे दुसऱ्या नंबरचंच गाणं परत आहे.